चौलच्या खाडीतून रायगडाच्या पेठेत

कार्तिकी पौर्णिमा उलटली की चातुर्मासाचा स्थिरवास संपतो, साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि दिवाळीचे हिशेब मिटवून मोकळ्या झालेल्या कुटुंबांतही प्रवासाचे बेत निघू लागतात. प्रथम मान अर्थातच शिखरजी, पालिताणा, कुंभोज, मांगीतुंगी या तीर्थांचा. त्यांतून दोन-तीन दिवस उरले तर कोकणाचे नाव निघते आणि अलीकडे त्या नावाबरोबर रायगडाचे नाव हमखास येते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात समाविष्ट केले, त्यांत रायगड आहे. तेव्हापासून गडावरील गर्दीत भरच पडली असावी.

या सहलीचा ठरलेला क्रम बहुतेकांना पाठ असतो. पहाटे मुंबई किंवा पुणे सोडायचे, हिरकणीवाडीहून रोपवेने वर जायचे, मेघडंबरीसमोर छायाचित्र काढायचे, समाधीला हात जोडायचे, रोपवेनेच खाली यायचे आणि संध्याकाळी अलिबागचा समुद्रकिनारा गाठायचा. एवढ्या वेळात किल्ला पाहून होतो. राजधानी मात्र पाहायची राहून जाते. राजधानी म्हणजे केवळ सिंहासनाची जागा नव्हे. तिला बंदरे लागतात, जकातीची नाकी लागतात, मुक्कामाची गावे लागतात, धान्य-मीठ-कापड वाहणाऱ्या बैलांच्या वाटा लागतात, परराज्यांच्या वकिलांना उतरण्याची सोय लागते. रायगडाचे हे सर्व अंग गडाच्या माथ्यावर नाही; ते खाली, समुद्रापासून पाचाडपर्यंतच्या वाटेवर पसरलेले आहे. व्यापारी घराण्यांतील वाचकांना तर तेच अधिक ओळखीचे वाटेल. म्हणून रायगडाची सहल अलिबागला संपवण्याऐवजी अलिबागपासून सुरू करणे, हा या वेळचा सुचवलेला बेत आहे.

त्यासाठी एक जुना वाटाड्याही उपलब्ध आहे. १६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून समुद्रमार्गे निघाला आणि राज्याभिषेकाच्या सोहळ्यासाठी रायगडावर पोहोचला. त्याच्या प्रवासाचा वृत्तान्त जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या प्रवासग्रंथातही आला आहे. चौल, अष्टमी, निजामपूर, गांगवली, पाचाड असे त्याचे टप्पे. ही सर्व गावे आजही त्याच नावांनी रायगड जिल्ह्याच्या नकाशावर सापडतात. ऑक्झिंडन सोहळा पाहायला आलेला नव्हता. तो सौदा करायला आला होता आणि व्यापाऱ्याच्या नजरेनेच त्याने राजधानी पाहिली.

ऑक्झिंडन चौलला पोहोचला तेव्हा रात्र झाली होती. पोर्तुगीजांच्या ठाण्याचे दरवाजे बंद झाले होते आणि त्याला तटाबाहेरच्या एका चर्चमध्ये रात्र काढावी लागली. हे पोर्तुगीज ठाणे म्हणजे आजचे रेवदंडा, अलिबागपासून सुमारे १७ किलोमीटर. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता एकाएकी तटाच्या भगदाडातून आत शिरतो आणि पुढे वाड्या, घरे, शेते, मधूनच चर्चच्या पडक्या भिंती असे विलक्षण मिश्रण दिसते. सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा आता सात मजल्यांचा राहिलेला नाही, तरी दुरून नजरेत भरतो. कुंडलिकेच्या मुखापलीकडे डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला आहे. हे सारे १७४० मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले.

पण पोर्तुगीज चौलमध्ये आले तेव्हाच चौल दीड हजार वर्षांचे झाले होते. ग्रीक प्रवासवर्णनांत आणि टॉलेमीच्या भूगोलात ते सिमिल्ला या नावाने येते, कान्हेरीच्या लेखांत चेमुल म्हणून येते, अरब त्याला सैमूर म्हणत. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या रहिवाशांची दाने कोरलेली आहेत; बंदरात कमावलेले धन डोंगरातल्या भिक्षूंपर्यंत पोहोचत होते, याचा तो दगडी चोपडाच म्हणावा. बंदरांतून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटांवर जैन खूणही आढळते. मावळात कामशेतजवळ पाले येथील लेण्यात अरिहंतांना नमस्कार करून सुरू होणारा एक ब्राह्मी लेख आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध केला आणि महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेख म्हणून त्याची गणना होते. तो या सहलीच्या वाटेवर नाही. पुण्याकडून येणाऱ्या कुटुंबांनी मात्र त्यासाठी एखादी सकाळ राखून ठेवावी.

१४६९ मध्ये अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच चौलला उतरला. हिंदुस्थानात घोड्यांना चांगली किंमत येते असे ऐकून त्याने एकच घोडा मोठ्या खर्चाने समुद्रापार आणला होता. सगळे भांडवल एका जिनसात घालण्याची ती रीत कोणत्याही पेढीवरच्या वडीलधाऱ्याने नापसंत केली असती आणि जुन्नरला त्याचा घोडा तेथील अधिकाऱ्याने अडकवून ठेवला तेव्हा ते खरेच ठरले. पुढे घोडा सुटला.

आजच्या चौलमध्ये यांतले काय दिसते? रामेश्वराचे मंदिर व त्याची पुष्करिणी दिसते, दत्ताच्या टेकडीवरून खाडी व वाड्यांचा मोठा देखावा दिसतो, काही जुन्या वास्तूंचे अवशेष झाडीत दडलेले दिसतात. बंदर दिसत नाही. खाडी गाळाने भरत गेली आणि त्याआधीच मुंबईने चौलचा व्यापार ओढून नेला होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलचे रेशीम विणकर मुंबईत वस्तीला गेले, त्यांच्यासाठी कंपनीने तेथे घरे बांधून देण्याची व्यवस्था केली. ज्या वर्षांत रायगडावर राजधानी उभी राहत होती, त्याच वर्षांत तिचे जवळचे बंदर उतरणीला लागले होते. ही गोष्ट सहलीच्या आरंभीच मनात ठेवावी, कारण ऑक्झिंडन ज्या सौद्यासाठी निघाला होता त्याचा अर्थ तिच्यामुळेच कळतो.

चौलहून पुढची वाट कुंडलिकेच्या काठाने रोह्याकडे जाते. अष्टमी हे गाव रोह्यासमोर, नदीच्या दुसऱ्या तीरावर आहे. भरतीच्या पाण्यावर मचवे इथवर येत आणि पुढे माल बैलांच्या पाठीवर चढे. रोह्याला आज कोकण रेल्वेचे स्थानक आहे, त्यामुळे ज्यांना मोटारीचा लांबचा प्रवास नको त्यांनी इथूनच सहल सुरू केली तरी चालेल.

या भागातून जाताना अलिबाग-पेणकडच्या खाजणांत मिठागरांचे चौकोन दिसतात किंवा त्यांच्या जुन्या खुणा दिसतात. त्यांच्याकडे पाहताना महाराजांचे एक पत्र आठवण्यासारखे आहे. १६७१ च्या डिसेंबरात त्यांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला मिठाविषयी हुकूम पाठवला. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडत होते, त्यामुळे व्यापारी तिकडे वळत आणि संगमेश्वराकडील मीठ पडून राही. महाराजांनी लिहिले की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे सर्व खर्च धरून ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महागच पडेल. पत्रात दोन्ही ठिकाणचे भाव, वाहतूक आणि जकात यांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून विचार केलेला आहे. आयात मालावर कर बसवून देशी मालाला आधार देण्याची जी चर्चा आज अर्थसंकल्पाच्या दिवशी पेढ्यांवर रंगते, तिचे हे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे मराठी उदाहरण. तलवारीची चित्रे घरोघरी आहेत. हे पत्रही एखाद्या दुकानात चौकटीत लावायला हरकत नाही.

कोलाड आणि माणगाव मागे टाकून निजामपूरला आले की मुलूख बदलतो. खाजणे आणि वाड्या संपतात, भातखाचरे आणि डोंगर सुरू होतात, आणि ताम्हिणी घाटाकडून पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. कार्तिकानंतर भात कापलेले असते, खळ्यांवर झोडणी चालू असते आणि हवा स्वच्छ असते. ऑक्झिंडनच्या वृत्तान्तात गांगवलीविषयी असे म्हटले आहे की आकाश निरभ्र असेल तर तेथून रायरीचा किल्ला दिसतो. तो आजही दिसतो. मात्र रोपवेच्या घाईत निघालेल्या गाड्या इथे थांबत नाहीत.

पाचाडला ऑक्झिंडनला काही दिवस थांबावे लागले, कारण महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. पुढे त्याला गडावर बोलावणे आले, तेथे राहायला घर मिळाले आणि एकूण मुक्काम महिनाभर लांबला. या मुक्कामातला एक प्रसंग जैन वाचकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. इंग्रजांना जेवायला मिळे ती तांदूळ-डाळीची, भरपूर तूप घातलेली खिचडी. इथल्या लोकांचे हेच आवडते अन्न, आणि ते त्यावर धष्टपुष्ट होतात, असे वृत्तान्तात नोंदले आहे. मांसाची सवय असलेल्या साहेबांना ती फार दिवस रुचेना. त्यांनी निराजीपंतांमार्फत बोकडाच्या मांसाची मागणी केली. ती मान्य झाली आणि रोज अर्धा बोकड मिळू लागला. निघण्याच्या सुमारास एक म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून त्यांना पाहायला आला. कारण विचारता तो म्हणाला की आजवर कित्येक वर्षांत विकले नाही इतके मांस या लोकांनी एका महिन्यात संपवले, ते कोण आहेत हे डोळ्यांनी पाहावे म्हणून आलो. यावरून राजधानी निरामिष होती असे म्हणणे घाईचे होईल. मावळे आणि सरदार यांचे आहार निरनिराळे होते. पण राज्याभिषेकाच्या ऐन दिवसांत या गडावरचे सर्वसाधारण ताट खिचडीचे होते आणि मांसाची विक्री अगदी थोडी होती, एवढे परक्याच्या साक्षीने सिद्ध होते. डबे भरून खाकरा-ठेपले नेणाऱ्या कुटुंबांना पाचाडला खिचडी-पिठल्याचे साधे जेवण मिळते. कांदा, लसूण, बटाटा नको असे आदल्या दिवशी कळवले तर घरगुती खानावळीत तसे करून देतात.

पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी येथे देह ठेवला. उतारवयात त्यांना गडावरची थंड हवा आणि वारा सोसवत नसे, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली वाडा बांधला, असे सांगतात. वाड्याचे तट व जोती शिल्लक आहेत आणि आवारातली विहीर पाहण्यासारखी आहे. घरातील वृद्धांसाठी सोयीची जागा निवडण्याचा हा विचार पाहून अनेक आजी-आजोबा येथे थोडे अधिक रेंगाळतात. रेंगाळू द्यावे.

गड चढण्याचे दोन मार्ग आहेत. दीड हजारावर पायऱ्या चढून महादरवाजातून जाणे हा खरा राजधानीचा मार्ग. गुडघे आणि वेळ साथ देत नसतील त्यांनी रोपवे घ्यावा. कुटुंबाने दोन तुकड्या कराव्यात, हे उत्तम. ऑक्झिंडनने वर जाताना गडाचा कडा निरखला आणि नोंदवले की फितुरीवाचून हा गड कोणाच्या हाती पडणार नाही. दरबाराच्या दाराशी त्याला दोन लहान हत्ती आणि दोन उमदे घोडे दिसले, आणि इतक्या अवघड वाटेने हत्ती वर कसे आणले असतील याचे त्याला कोडे पडले.

नगारखान्यातून राजसभेत शिरल्यावर मेघडंबरी समोर येते. त्या जागी ६ जून १६७४ रोजी जे सिंहासन होते त्याच्या दोन्ही बाजूंना, ऑक्झिंडनच्या वर्णनाप्रमाणे, सोनेरी भाल्यांच्या टोकांवर निरनिराळी राजचिन्हे होती. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची मस्तके, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका उंच भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल, न्यायाचे चिन्ह म्हणून. मासे आणि शेपट्या ही मोगली-तुर्की परंपरेतली चिन्हे. तराजू मात्र कोणत्याही दुकानदाराच्या घरातला. दसऱ्याला ज्या वस्तूवर कुंकवाचे बोट लागते ती वस्तू छत्रपतींच्या सिंहासनाशेजारी होती, हे गडावरचा कोणताही वाटाड्या सांगत नाही. मुलांना हे ठिकाण दाखवताना ते जरूर सांगावे.

राजसभेच्या बाहेर, होळीच्या माळापलीकडे, जिला सर्व लोक बाजारपेठ म्हणतात ती जागा आहे. रुंद सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारख्या जोत्यांच्या ओळी, प्रत्येक ओळीत वीसहून अधिक गाळे, पुढे ओटा आणि मागे खोल्या. जोती इतकी उंच आहेत की घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून ती तशी बांधली, अशी आख्यायिका सांगितली जाते. एका जोत्यावर नागाचे शिल्प आहे. ते नागप्पा शेटी नावाच्या व्यापाऱ्याचे दुकान, असे म्हणतात. या वास्तू दुकाने नसून कचेऱ्या किंवा अधिकाऱ्यांची घरे असावीत, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. गडावर रोजच्या धान्य-किराण्याचा मोठा बाजार भरत असेल, हे खरोखर अवघडच वाटते. तो पाचाडला असणार. पण जडजवाहीर, उंची कापड, हुंडीचे व्यवहार यांसाठी राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर पंचवीस-तीस पेढ्या असणे अशक्य नाही. जगदीश्वराच्या मंदिरातील शिलालेखात गडावरच्या विहिरी, तळी, उद्याने आणि राजमंदिरे यांबरोबर वीथींचाही, म्हणजे रस्त्यांचाही, अभिमानाने उल्लेख आहे. त्याच मंदिराच्या पायरीवर गडाचा बांधकाम करणारा हिरोजी इंदुलकर याने आपले नाव कोरले आहे.

या पेठेत उभे राहिल्यावर व्यापारी घराण्यांतील माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच, आणि तो सौजन्यापोटी टाळण्याचे कारण नाही. सुरतेचे काय? जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा लुटली. पहिल्या स्वारीत ज्यांची घरे लुटली गेली त्यांत वीरजी व्होरा होता, लोंकागच्छाचा श्रावक, त्या काळच्या हिंदुस्थानातील सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक, ज्याच्याकडून इंग्रज कंपनीही कर्जाऊ पैसे उचलत असे. गुजरातेतून महाराष्ट्रात आलेल्या काही जैन कुटुंबांत सुरतेची ही आठवण अजूनही दबक्या आवाजात सांगितली जाते. रायगडावर जयजयकार करायचा आणि वीरजीविषयी बोलायचे नाही, किंवा वीरजीचे नाव घेऊन रायगडाकडे पाठ फिरवायची, हे दोन्ही सोपे मार्ग आहेत. दोन्ही अपुरे आहेत.

शायिस्ताखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन होता, मराठी मुलूख उजाड झाला होता, आणि सुरत हे मोगल बादशहाचे सर्वांत मोठे उत्पन्नाचे बंदर होते. शहराचा सुभेदार व्यापाऱ्यांना उघडे टाकून किल्ल्यात जाऊन बसला. ज्याला वर्षानुवर्षे कर भरला त्या राज्याने त्यांचे रक्षण केले नाही. हे खरे. ज्यांची दुकाने जळाली त्यांना या राजकारणाने दिलासा मिळाला नसणार, हेही तितकेच खरे. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने एक गोष्ट लिहून ठेवली आहे: डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर महाराजांनी सोडून दिले, कारण तो हयातीत फार दानशूर होता असे त्यांना कळले होते. वीरजीचा व्यापारही त्या लुटीने संपला नाही. त्याचे नाव पुढेही वखारींच्या कागदांत येत राहते.

आणि मग दहा वर्षांनी रायगडावरचा सौदा येतो. ऑक्झिंडनने आणलेल्या मागण्यांत राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई होती, अडीच टक्के जकातीने व्यापार करण्याची मोकळीक होती, किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत मिळण्याची मागणी होती, आणि कंपनीचे नाणे राज्यात चालावे अशी एक मागणी होती. राजापूरची भरपाई दहा हजार होनांवर ठरली, जकातीची मागणी मान्य झाली. फुटक्या जहाजांबाबत महाराज राजी नव्हते. कोकणचा जुना रिवाज आहे, एकाला दिले तर सर्व टोपीकर मागतील, असे त्यांचे म्हणणे होते. नाण्याविषयीचे उत्तर मात्र कोणत्याही सराफाने टिपून ठेवावे असे आहे. कोणत्याही नाण्याला आपली मनाई नाही, पण ज्यात प्रजेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती आपण करू शकत नाही. तुमचे नाणे मोगलांच्या नाण्याइतके कसाचे आणि वजनाचे असेल तर ते आपोआप चालेल, असा त्याचा आशय. नाण्याचे मोल हुकुमाने ठरत नाही, कसोटीच्या दगडावर ठरते, हे गादीवर बसलेल्या राजाने परकीय वकिलाला समजावून सांगितले. महाराजांचा स्वतःचा तांब्याचा शिवराई पैसा पुढे शतकाहून अधिक काळ दख्खनच्या बाजारांत फिरत राहिला.

सुरत आणि ही पेठ यांच्यामधल्या वर्षांत राज्य स्थिरावले होते आणि स्थिर राज्याला व्यापारी हवा असतो. रामचंद्रपंत अमात्य हे महाराजांच्या अष्टप्रधानांतील वयाने सर्वांत तरुण. त्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीच्या ग्रंथात साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. साहुकारांना राज्याचे भूषण मानावे, त्यांच्यामुळे परमुलखीच्या वस्तू येतात आणि संकटकाळी कर्ज मिळते, म्हणून त्यांच्या पेठा वसवाव्यात, त्यांना उपद्रव होऊ देऊ नये, दूरदूरच्या थोर साहुकारांना मानाने बोलावून आणावे, असे तेथे सांगितले आहे. त्याच प्रकरणात टोपीकरांविषयी सावधगिरीचा इशाराही आहे: हे इतर व्यापाऱ्यांसारखे व्यापारी नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राज्य असते, त्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नये. पंतांनी ते लिहिले तेव्हा चौलचे विणकर मुंबईत जाऊन जवळजवळ अर्धशतक होत आले होते.

तो इशारा खरा ठरल्याची खूण राजवाड्याच्या जोत्यांवर आहे. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या तोफांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गडावर मारा केला आणि आग लागून इमारती जळाल्या. लाकडी काम सगळे गेले. म्हणून आज पेठेत, राजसभेत, राणीवशात सर्वत्र जोती आहेत आणि छप्पर कुठेच नाही. उन्हाची झळ लागते. टोप्या आणि गाळून उकळलेले पाणी भरपूर बरोबर असावे. गवतातून वाट सोडून चालू नये, त्यात किडामुंगीची हिंसा होते आणि कड्याचा अंदाजही चुकतो.

चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारी तीनच्या सुमारास उतरायला लागावे. उतरण्याची वाट चढण्याची नसावी. पाचाडहून महाडकडे जावे. पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेरच्या या रस्त्यावर नाते नावाचे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये इथला. घराणे रोह्याचे, म्हणजे सकाळी ज्या नदीकाठावरून वाट आली तिथलेच.

महाड हे सावित्रीच्या खाडीवरचे जुने बंदर, रायगडाचे दुसरे दार. ज्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले व्हावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह केला, ते तळे गावातच आहे. महामार्गालगत गांधारपाल्याची तीसच्या आसपास लेणी दिसतात, तिथे गाड्या थांबतात. सावित्रीपलीकडील कोल गावाच्या डोंगरातल्या छोट्या लेण्यांकडे मात्र फारसे कोणी जात नाही. तेथे ब्राह्मीत कोरलेले तीन लहान लेख आहेत. एकात लेखनिकाचे दान आहे, एकात एका स्त्रीचे, आणि एकात संघरक्षित नावाच्या श्रेष्ठीने लेणे दिल्याची नोंद आहे. मूळ अक्षरे ‘सेठी’ अशी आहेत, आणि महाडच्या बाजारात आजही शेठ या हाकेला माणसे वळून पाहतात. सावल्या लांबण्याआधी गेले तर अक्षरे ओळखता येतात. त्यानंतर महाडला परतून सूर्यास्तापूर्वी जेवण होण्याइतका वेळ राहतो.